जुन्या पिकअपचं स्टेअरिंग थरथरतंय? शोध चाकापासून सुरू करा

जुनी पिकअप घेतलेल्या माणसाचा पहिला फोन साधारण महिनाभरात येतो. "दादा, साठच्या वर गेलं की स्टेअरिंग हातात नाचतंय." किंवा, "गाडी सरळ जात नाही, सारखं डावीकडे-उजवीकडे सावरायला लागतं." नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पहाटे लागणाऱ्या पिकअपच्या रांगेत कुणालाही विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी चालवणाऱ्याने हे दुखणं भोगलेलं असतं.

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत हे आधी लक्षात घ्या. थरथर म्हणजे फिरणारी कुठली तरी वस्तू गोल किंवा समतोल राहिलेली नाही: टायर, रिम, ड्रम, डिस्क, शाफ्ट. ढिल म्हणजे जोडणारी कुठली तरी वस्तू झिजलीय: बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा सांधा), बुश (सांध्यातलं रबरी किंवा धातूचं नळकांडं), बेअरिंग, बोल्ट. ढिल असलेल्या गाडीत टायरचा छोटासा दोषही मोठी थरथर करतो. म्हणून शोधाचा क्रम महत्त्वाचा. आधी फिरणारं तपासायचं, मग सांधे, मग स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोहोचवणारी दात्यांची पेटी) आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं).

हा क्रम चुकला की काय होतं ते मी अनुभवलंय. माझी पहिली पिकअप नऊ वर्षं वापरलेली होती. स्टेअरिंग ढिलं म्हणून एका गॅरेजला नेली, तर त्यांनी पाच मिनिटांत स्टेअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून दिला. गेटबाहेर पडताना स्टेअरिंग घट्ट लागलं आणि मला समाधान वाटलं. त्याच रात्री टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरायला लागलो. वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ होईना. प्रत्येक वळणावर ते ओढून परत आणावं लागत होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून ट्रकचे दिवे. मुरबाडला पोहोचलो तेव्हा दोन्ही दंड भरून आले होते. पुढे कळलं की झिजला होता ड्रॅग लिंकचा, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा, बॉल जॉइंट. बॉक्समध्ये मुळात काही बिघडलं नव्हतं, पण जादा आवळल्यामुळे आतले दात खाल्ले गेले आणि अख्खा बॉक्स बदलावा लागला. पुढचं सगळं त्या रात्रीमुळे लिहितोय.

कधी गाडी चालवायचीच नाही

स्टेअरिंग सरळ धरल्यावर त्याची दांडी अचानक वाकडी दिसू लागली, खड्ड्यात आदळल्यावर "खट्" असा नवा आवाज यायला लागला, कुठल्याही बॉल जॉइंटच्या नटातली काटेपिन गायब दिसली, किंवा पुढची दोन्ही चाकं एकदम जोरात डावी-उजवी झटकायला लागली, तर गाडी आहे तिथेच उभी करायची आणि मेकॅनिकला तिथे बोलवायचं. टाय रॉडचा, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांडीचा, सांधा निसटला की स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो. एक चाक एकीकडे जातं आणि दुसरं दुसरीकडे.

तो जोरदार झटका चालत्या गाडीत सुरू झाला तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या आणि कडेला घ्या. वेग कमी झाला की झटका थांबतो. थांबला म्हणजे गाडी बरी झाली असं समजू नका.

आधी चालवून बघा, वही जवळ ठेवा

गाडी रिकामी घेऊन सरळ आणि कमी रहदारीचा रस्ता धरा. तक्रार फक्त मालभरल्या गाडीत येत असेल तर नंतर भरूनही एक फेरी मारा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यांना लिहायला सांगा. चार गोष्टी टिपायच्या: कितीच्या वेगाला सुरू होतं, कितीला थांबतं, हाताला जाणवतं की सीटला, आणि ब्रेक दाबल्यावर वाढतं का.

हाताला जाणवणारी थरथर बहुधा पुढच्या चाकांची असते. सीटला किंवा पायाखालच्या पत्र्याला जाणवणारी असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडे जाणारा फिरता दांडा) बघायचा. थरथर कशी आहे यावरूनही ओळख पटते. पिकअपच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सात-साडेसात फेऱ्या मारतं. म्हणजे चाकाचा दोष हाताला टप्-टप्-टप् असा वेगवेगळा जाणवतो. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा दोष ठोक्यांसारखा येत नाही, घूंऽऽ अशी एकसंध थरथर येते. लोड देताना ती वाढत असेल तर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि मधलं सेंटर बेअरिंग बघा. स्टेअरिंगचे पार्ट खोलण्यात वेळ घालवू नका.

वेगही बोलतो. २०-३० ला स्टेअरिंग सावकाश डावं-उजवं डोलत असेल तर टायर आतून फाटलाय किंवा रिम वाकलीय. साधारण ६० ते ८० च्या दरम्यान सुरू होऊन त्याच्या वर कमी होत असेल तर बॅलन्सिंगचा दोष असण्याची शक्यता जास्त. खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागल्यावरच सुरू होत असेल तर सांध्यांत ढिल आहे. ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर डिस्क किंवा ड्रम. हे ठोकताळे आहेत, पण यातून निम्मं काम जागेवर होतं.

चाकं: फुकटच्या तपासण्या

पावसाळ्यात शेतातून माल काढणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट. रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. काळी माती तिथे बसते, वाळते आणि दगडासारखी होते. एका बाजूला मूठभर माती चिकटली तरी नुकतंच बॅलन्स केलेलं चाक थरथरायला लागतं. बाहेरून गाडी धुतली तरी ती माती निघत नाही, कारण पाण्याचा फवारा आत पोहोचत नाही. खिळ्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा आणि मग पुन्हा चालवून बघा. गॅरेजची पायरी चढण्याआधी एवढं कराच.

मग हवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात पुढची-मागची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. माल वाहायचा म्हणून चारही चाकांत सारखीच ठासून हवा भरण्याची सवय आपल्याकडे आहे. पुढच्या टायरांत जादा हवा असली की टायर मधोमध टेकतो, गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि ते ढिलं स्टेअरिंग आहे असा समज होतो. हवा गार टायरमध्येच मोजा.

आता टायर नीट बघा. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकांचा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडलाय. नक्षीत जागोजागी खड्डे-खड्डे पडले असतील तर शॉकअप गेलेत, बेअरिंग ढिलं आहे किंवा चाक बरेच दिवस असमतोल फिरलंय. बाजूच्या भिंतीवर टेंगूळ दिसलं तर तो टायर काढून टाका, त्यावर दुसरा उपाय नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन भेगा पडलेला टायर पुढे लावू नका. पुढच्या दोन चाकांपैकी एक नायलॉन आणि एक रेडियल असेल तर दुसरं काही तपासायच्या आधी ती जोडी सारखी करा. जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या रिमोल्ड टायरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुढे कधीच नाही.

टायर गोल आहे का हे घरी बघता येतं. चाक जॅकवर उचला. टायरशेजारी विटांची चळत लावा आणि वरच्या विटेवर एक स्क्रूड्रायव्हर असा ठेवा की त्याचं टोक नक्षीपासून दोन-तीन मिलिमीटरवर येईल. चाक हाताने हळू फिरवा आणि फक्त ती फट बघत राहा. फट एका जागी बुजत असेल, दुसऱ्या जागी उघडत असेल तर चाक गोल नाही. आता टोक रिमच्या कडेशी धरा आणि पुन्हा फिरवा. रिम सरळ फिरतेय पण टायर वर-खाली होतोय, तर दोष टायरचा. रिमच डोलतेय तर रिम वाकलीय किंवा चाकाचे नट नीट बसलेले नाहीत. नट काढून बसणीच्या जागी गंज किंवा माती आहे का बघा, पुसा, आणि नट ताऱ्यासारखे समोरासमोर क्रमाने आवळा. गोलाकार एकामागून एक आवळले तर चाक तिरकं बसतं.

यानंतरही शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून चालवा. यासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे हवेत. थरथर हातातून सीटकडे गेली तर दोष चाकांत सापडला. होती तशीच राहिली तर चाकं निर्दोष आहेत, पुढे चला. बॅलन्सिंगवर पैसे या अदलाबदलीनंतर घाला, कारण फाटलेला टायर आणि वाकलेली रिम बॅलन्स करून सुधारत नाही.

जॅकवर: वर-खाली, डावं-उजवं

सपाट, कडक जमीन शोधा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा भाग उचलल्यावर खाली स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका. जॅकवर विश्वास ठेवू नका, तो कितीही नवा असला तरी.

जॅक कुठे लावायचा हे गाडीवर ठरतं. खाली वाकून बघा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग जाड लोखंडी अॅक्सल आणि खाली पाटे दिसले तर तुमच्या गाडीला बहुधा किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती उभी पिन) आहेत, जॅक अॅक्सलखाली लावा. प्रत्येक चाकाला स्वतंत्र वरचा-खालचा आर्म असेल तर बॉल जॉइंट आहेत. बहुतेक अशा गाड्यांत स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा भार खालच्या आर्मवर असतो. मग जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लागेल तितका. चासीखाली जॅक लावला तर आर्म लटकतो, स्प्रिंग बॉल जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. नवखे लोक इथे हमखास फसतात.

आता एक हात टायरच्या डोक्यावर आणि एक तळाशी. वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा, मग उलट. खडखड लागली तर तीन संशयित: बेअरिंग, किंगपिन, बॉल जॉइंट. ते वेगळे करायची युक्ती सोपी आहे. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग ढिलं, कारण ब्रेकने चाक आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) एकत्र धरले. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट.

मग हात डावीकडे आणि उजवीकडे, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. इथे ढिल लागली पण वर-खाली लागली नाही, तर टाय रॉड एन्ड किंवा त्याच्या पुढचे सांधे.

बेअरिंग ढिलं निघालं तर लगेच नवं आणायची गरज नाही. पुष्कळ जुन्या पिकअपना पुढे टेपर रोलर बेअरिंगची जोडी असते आणि ती अॅडजस्ट होते. झाकण काढा, जुनं ग्रीस पुसून रोलर बघा. निळे-काळे पडलेले, खरवडलेले असतील तर बदला. चांगले असतील तर नवं ग्रीस भरून बसवा, चाक फिरवत-फिरवत नट आवळा, चाक जड झालं की नट किंचित मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि खडखड मात्र लागायला नको. काटेपिन नवीनच घाला. आठ-दहा किलोमीटर चालवून दोन्ही हबला हात लावा. दोन्ही सारखे कोमट असावेत. एका हबला हात टिकत नसेल तर ते बेअरिंग जास्त आवळलंय किंवा तिथला ब्रेक चिकटतोय.

किंगपिनमध्ये थोडीच ढिल असेल तर आधी ग्रीस मारून बघा. अॅक्सल उचललेला असतानाच मारा, म्हणजे वजनाने दाबलेल्या जागेतही ग्रीस जातं. निपलमधून ग्रीस जातच नसेल तर निपल बदला. जुनं काळं ग्रीस दोन्ही टोकांतून बाहेर पडेपर्यंत गन चालवायची. ग्रीसने आवाज थांबला तरी झीज भरून येत नाही. वर-खाली हलवताना डोळ्यांना दिसेल इतकी ढिल असेल तर पिन आणि बुशचा सेट बदलणं आलंच.

दोघांची तपासणी

सगळ्यात जास्त उत्तरं इथे सापडतात. गाडी जमिनीवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. एक जण स्टेअरिंगवर. त्याने स्टेअरिंग पूर्ण वळवायचं नाही. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, साधारण वीतभर, एका लयीत. पॉवर स्टेअरिंगची गाडी असेल तर आधी इंजिन बंद ठेवून करा, मग चालू ठेवून. इंजिन चालू असताना गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री खाली झोपणाऱ्याने स्वतः करायची आणि फॅन-बेल्टपासून हात, बाह्या, गमछा लांब ठेवायचा.

दुसरा माणूस खाली. बघत बसू नका, हात लावा. प्रत्येक सांध्यावर अंगठा असा ठेवायचा की त्याचा अर्धा भाग एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. चांगल्या सांध्यात दोन्ही पार्ट एकत्र सरकतात आणि अंगठ्याला काही कळत नाही. झिजलेल्या सांध्यात आधी एक पार्ट हलतो, क्षणभर थांबतो, मग दुसरा हलतो. अंगठ्याखाली एक बारीक "टिक्" लागते, नाडी लागावी तशी. एकदा ती ओळखू आली की आयुष्यभर विसरत नाही. माझ्या भाच्याला शिकवताना मी त्याला आधी नवा बॉल जॉइंट धरायला लावला आणि मग जुना. दुसऱ्याला हात लावताच तो खालून म्हणाला, "मामा, हा मागनं येतोय." झिजलेला सांधा खरंच मागून येतो.

सुरुवात वरून करा. केबिनमधून खाली येणाऱ्या स्टेअरिंग शाफ्टवर क्रॉस किंवा रबरी कपलिंग असतं. ते धरा. मग बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट आणि बॉक्समधून बाहेर येणारा ड्रॉप आर्म, दोन्ही एकाच वेळी बघा. वरचा शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतोय, तर ढिल बॉक्सच्या आत आहे. ड्रॉप आर्म लगेच हलतोय तर बॉक्सला बोल लावू नका, पुढे सरका. ड्रॅग लिंकचं एक टोक, दुसरं टोक, मग टाय रॉडचं एक टोक, दुसरं टोक. गाडीला आयडलर आर्म (दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आर्म) असेल तर तो हाताने वर-खाली हलवून बघा. त्याचं बुश झिजलं की दोन्ही चाकांचा टो सतत बदलत राहतो.

बॉक्स चासीला ज्या बोल्टनी धरलाय तिथे हात ठेवायला विसरू नका. स्टेअरिंग हलवल्यावर अख्खा बॉक्स हलतोय का? बोल्टभोवती गंजाची तांबूस पूड दिसतेय का? जिथे दोन लोखंडं एकमेकांवर घासतात तिथे ही पूड साठते, म्हणून ती साक्षीदार समजायची. बॉक्सच्या आसपास चासीला केसासारखी चीर गेलीय का, तेही टॉर्च लावून बघा. सतत जादा माल वाहिलेल्या, कच्च्या रस्त्यावर चाललेल्या गाडीत मी अशी चीर पाहिली आहे. तिच्यावर रंग मारून गाडी विकलेलीही पाहिली आहे. चासीची चीर सापडली तर रस्त्याकडेच्या साध्या वेल्डिंगवर भागवू नका, हे चासीचं काम करणाऱ्याकडे न्या.

सांध्यांवरचे रबरी बूट फाटले असतील तर सांधा आज घट्ट असला तरी धूळ-पाणी आत जाऊन काही महिन्यांत जाणार. एक विनंती: सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली डिझेल किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारून घ्यायची पद्धत सोडा. लोखंड चकाकतं पण रबरी बुश आणि बूट फुगून मऊ होतात. रबर धुवायला साबणाचं पाणी पुरतं.

ढिल मोजायची कशी

चाकं सरळ ठेवा. स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण करा आणि तिच्या समोर डॅशबोर्डवर एक पट्टी टेकवा. एका बोटाने स्टेअरिंग डावीकडे न्या, पुढचं चाक हलायला लागतं तिथे थांबा आणि खूण करा. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ढिल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगची ढिल ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. सांध्यांवर रबरी कव्हर हवीत आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात, हेही त्याच नियमात आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ साडेदहा सेंटिमीटर. ही कायद्याची कमाल मर्यादा झाली, तिथपर्यंत वाट बघायची नसते. बॉक्सवाल्या जुन्या गाडीत दोन-तीन सेंटिमीटर ढिल मी चालवून घेतो. पाचच्या पुढे गेली की मी ती गाडी घाटात नेत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसची तपासणी दरवर्षी असते. हे माप वहीत तारखेसह लिहून ठेवलं तर ढिल किती वेगाने वाढतेय हेही कळतं.

आता बॉक्सचा स्क्रू

सगळे सांधे घट्ट निघाले, ड्रॉप आर्म मात्र उशिरा हलतोय, बॉक्सचे बोल्ट पक्के आहेत आणि तेलाची पातळी बरोबर आहे, तेव्हाच या स्क्रूला हात लावायचा. बॉक्समधले दात मधल्या जागी, म्हणजे सरळ जाताना, जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. स्क्रू आवळून मधली ढिल काढली की कडेच्या, कमी झिजलेल्या जागी दात आवळतात. माझी गाडी माळशेजमध्ये अडत होती ती यामुळे.

ज्याला अनुभव आहे अशा माणसाला जवळ घेऊन करा. चाकं सरळ आणि पुढची बाजू जॅकवर. बाहेरचा लॉकनट सोडा, आतला स्क्रू फार तर पाव फेरी आवळा, स्क्रू तसाच धरून लॉकनट बसवा. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडायला नको, जड व्हायला नको. नंतर हळू वेगात रिकाम्या मैदानात वळा आणि स्टेअरिंग मोकळं सोडा. ते आपणहून सरळ व्हायला हवं. झालं नाही तर स्क्रू मागे घ्या. पाव फेरीत भागत नसेल तर बॉक्स खोलून बेअरिंग आणि दात बघण्याची वेळ आलीय.

पाटे, ब्रेक आणि उरलेलं

पाट्यांच्या गाडीत यू बोल्ट (अॅक्सल पाट्यांना बांधणारे बोल्ट) ढिले झाले किंवा सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल जागचा सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. चाकं सरळ असताना दोन्ही मापं सारखी यायला हवीत. पाटे बसले असतील तर पुढच्या चाकांचा कोन बदलतो आणि वळणानंतर सरळ होण्याची ताकद कमी होते. शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) आणि पाट्यांचे बुश टॉमी (पहार) लावून हलवा.

ब्रेकवरच्या थरथरीसाठी डिस्क खरवडली किंवा वेडीवाकडी झालीय का, ड्रम अंडाकृती झालाय का हे लेथवाल्याकडे मोजून घ्या. डिस्कची किमान जाडी डिस्कवर आणि ड्रमचा कमाल व्यास ड्रमवर कोरलेला असतो, त्या मर्यादेपलीकडे घासू देऊ नका.

काही गाड्यांना स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) असतो. नवा लावला की झटका बंद होतो, म्हणून काही जण फक्त तोच बदलून देतात. खालचे सांधे झिजलेले असताना नवा डॅम्पर लावणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. मी आधी डॅम्पर काढून ठेवतो, सांधे दुरुस्त करतो, आणि मग तो लावतो.

बदलताना आणि नंतर

टाय रॉड एन्ड बदलताना जुना किती आट्यांवर बसला होता ते मोजून लिहा आणि नवा तितक्याच आट्यांवर बसवा. दोन टोकांचे आटे उलट-सुलट असतात, म्हणून खोलायच्या आधी दिशा बघा. टेपर (सांध्याची निमुळती दांडी) अडकला तर बूट सांभाळून, सांध्याच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका दिला की सुटतो. बॉल जॉइंटच्या आट्यांवर ठोकू नका. नट आवळल्यावर काटेपिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, जुळवण्यासाठी मागे सोडायचा नाही.

सगळे सांधे झाल्यावर अलाइनमेंट. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बिघडते, पैसे वाया जातात. अलाइनमेंटवाल्याकडे जाताना हवा बरोबर भरून जा आणि त्याच्याकडून आधीचे-नंतरचे आकडे कागदावर घ्या.

मग पुन्हा तोच रस्ता, तोच वेग, तीच वही. आधी लिहिलेल्या चार ओळींसमोर आत्ताचं काय ते लिहा. १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, माल भरून एक फेरी झाली की यू बोल्ट परत एकदा. मी आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवतो. पहाटे माल भरायला रांगेत उभं असताना वाकून टॉर्च मारली की रेघ जुळतेय की तुटलीय हे लगेच दिसतं.